ब्रेकचा दिवस

वर्षालीचा ब्रेक जवळ आला की ज्योतीरामला आदल्या दिवसापासून जेवण जात नसे. ब्रेक मुलीचा आणि गोळा बापाच्या पोटात. सरकारी ब्रेक म्हणजे विश्रांती, असा कुणाचा समज असेल तर तो आधीच काढून टाकलेला बरा. महाळुंग्याच्या पुढं एका गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. तिथं डॉक्टर वर्षाली तीन वर्षं अस्थायी वैद्यकीय अधिकारी म्हणून राबत होती. अस्थायी म्हणजे अकरा महिन्यांची ऑर्डर. ती संपली की एक दिवस बाई सरकारच्या कुणीच नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी नवी ऑर्डर घेऊन पुन्हा त्याच खुर्चीत. मधला हा एक दिवस कशासाठी, तर उद्या कुणी डॉक्टर कोर्टात जाऊन म्हणू नये की मी सलग नोकरी केली, आता मला कायम करा. गावातली बाळंतपणं सलग होतात, साप सलग चावतात, फक्त डॉक्टर तेवढा तुटक पाहिजे.

बरं, नुसतं घरी बसूनही भागत नाही. नवी ऑर्डर हातात पडण्याआधी एक सही करावी लागते, की ब्रेकच्या दिवशी मी काहीही काम केलं नाही, एकही पेशंट पाहिला नाही. वर्षालीबरोबर नोकरीला लागलेला डॉक्टर नागसेन याच सहीत अडकला. ब्रेकच्या दिवशी त्यानं एका पोराच्या कपाळाला टाके घातले. पोराच्या आजोबांनी मोठ्या मनानं त्याचा फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला, खाली हात जोडलेली चित्रं, आभार वगैरे. तो फोटो फिरत फिरत वरच्या ऑफिसात पोचला. नागसेनची ऑर्डर ‘विचाराधीन’ झाली, आणि ती विचारातून बाहेर येईपर्यंत त्याची एमडीची जागा दुसऱ्याला गेली.

जागेचं प्रकरण असं, की पुढच्या शिक्षणाच्या काही जागा सरकारी सेवेतल्या डॉक्टरांसाठी राखून ठेवलेल्या असतात. अस्थायी डॉक्टरांना त्यात आत्ता कुठं शिरकाव मिळाला होता. अटी दोन. खेड्यात तीन वर्षं काढलेली हवीत, आणि प्रवेशाच्या दिवशी नोकरी चालू हवी. वर्षालीला स्त्रीरोगाची जागा मिळाली होती. प्रवेश शनिवारी, आणि ब्रेक नेमका त्याच आठवड्यातल्या मंगळवारी. बुधवारी नवी ऑर्डर मिळाली की सगळं जमलं. नाही मिळाली तर तीन वर्षं पाण्यात.

ज्योतीराम औशाकडून चिंचवड स्टेशनवर उतरला तेव्हा त्याच्याकडं एक वळकटी आणि मामाचा काळेवाडीतला पत्ता होता. तेव्हापासून चाकणच्या एका कंपनीत, पत्रे ठोकणाऱ्या प्रेस शॉपमध्ये त्याचं आयुष्य गेलं. मुलगी डॉक्टर झाली तेव्हा त्यानं कंपनीत पेढे वाटले, पण मनातून तो घाबरलाच. आपल्यासारख्याच्या घरात एवढी मोठी गोष्ट आलीय, ती कुणीतरी येऊन परत मागेल असं त्याला सारखं वाटायचं. म्हणून ब्रेकच्या आदल्या संध्याकाळीच तो वर्षालीला स्कूटरवर बसवून काळेवाडीला घरी आणायचा. गावात राहिलीच नाही तर दार कोण वाजवणार!

यावेळी ते जमलं नाही. सोमवारची ड्यूटी करून वर्षाली इतकी दमली होती की म्हणाली, “पप्पा, मला हलवू नका. मी क्वार्टरवरच झोपते.” मग ज्योतीरामनं कंपनीत रजा टाकली आणि मंगळवारी सकाळीच केंद्रामागच्या तिच्या क्वार्टरवर येऊन थडकला. तिला आत झोपवलं, खिडक्या लावल्या, फोन सायलेंटवर ठेवायला लावला, आणि बाहेरून दाराला चक्क कुलूप घातलं. किल्ली खिशात टाकून तो समोरच्या लिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला. कंपनीच्या गेटवरचा वॉचमनसुद्धा एवढा जागा नसतो. कुणी केंद्राकडं खोकत आलं तरी हा खुर्चीतून अर्धा उठायचा.

दुपार कलली तसा त्याला जरा धीर आला. दिवस बहुतेक निघाला, असं तो मनाशी म्हणतोय तोच केंद्राच्या बाजूनं एक म्हातारी पदर सावरत, जवळजवळ पळतच आली. गावातलीच अंबूबाई. मागं रस्त्यावर तिच्या मुलाचा, समाधानचा, छोटा टेम्पो उभा होता. हौद्यात गोधडीवर समाधानची बायको विजयश्री आडवी पडली होती आणि दात आवळून कण्हत होती.

“डाक्टरीनबाई हायेत का आत?” अंबूबाईनं विचारलं.

ज्योतीराम खुर्चीतून उठून दारासमोर आला. “नाहीत. काळेवाडीला गेल्यात.”

“अवो, नर्सबाई म्हणती पोरीच्या अंगात रक्त न्हाई. हितं बाळंतपण नको म्हणती, डाक्टर पायजे. अँब्युलन्स दुसरीकडं गेलीया. बाई खरंच न्हाईत?”

“कुलूप दिसत नाही का, मावशी?” तो जरा जोरातच बोलला. खोटं बोलणाऱ्याचा आवाज चढतोच. “चाकणला न्या. मोठा दवाखाना हाय तिथं. लवकर न्या.”

अंबूबाईनं कुलपाकडं पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं, आणि आली तशी पळत परत गेली. टेम्पो धूर सोडत चाकणच्या दिशेनं निघाला. ज्योतीराम खुर्चीत बसला. आपण वाचलो, हा त्याच्या मनात आलेला पहिला विचार. कुणालाही आला असता, म्हणून लपवण्यात अर्थ नाही.

मग रस्त्यावरून एक कंपनीची बस गेली. पाठोपाठ दुसरी. ज्योतीरामनं बस पाहिली आणि घड्याळ पाहिलं. पहिली शिफ्ट सुटत होती. इतकी वर्षं तो याच रस्त्यानं गेला-आला होता. पहिली शिफ्ट सुटते आणि दुसरी लागते त्या वेळेला चाकणचा रस्ता म्हणजे नुसते उभे कंटेनर. पुढच्याचा मागचा दिवा बघत बसायचं, दुसरा धंदा नाही. चिंचवडच्या सोसायटीतल्या साहेबाला हे माहीत नसेल तर एक वेळ चालेल, पण ज्योतीरामला माहीत नाही असं कोण म्हणेल? त्यानं त्या बाईला सरळ त्या कोंडीत धाडलं होतं. स्वतःच्या तोंडानं.

तो उठला, पुन्हा बसला, पुन्हा उठला. सकाळपासून ज्या भीतीनं त्याला खुर्चीला बांधून ठेवलं होतं तिच्या जागी आता दुसरीच येऊन बसली होती, आणि ही जास्त वाईट होती. सीट गेली तर पोरगी रडेल, वर्ष जाईल. पण ती टेम्पोतली पोर मेली तर? त्यानं दाराकडं पाहिलं. आत काही हालचाल नव्हती. झोपू दे तिला, आपण नुसतं बघून येऊ, असं म्हणत त्यानं स्कूटरला किक मारली.

टेम्पो फार लांब गेलाच नव्हता. गावाबाहेरच्या वळणावर, दोन कंटेनरच्या मध्ये, तो अडकून पडला होता. स्कूटर चिखलात लावून ज्योतीराम धावत गेला आणि त्यानं हौद्यात डोकावून पाहिलं. मूल झालं होतं. अंबूबाईनं ते पदरात गुंडाळून छातीशी धरलं होतं, आणि ते रडतही होतं. पण विजयश्रीच्या खालची गोधडी भिजून लाल झाली होती, आणि हौद्याच्या फटीतून रक्त डांबरावर ठिबकत होतं. पोरीचे ओठ पांढरे पडले होते. समाधान स्टिअरिंगवर डोकं ठेवून हॉर्न दाबून धरून बसला होता.

“थांबंना वो रगत,” अंबूबाई म्हणाली. तिला ज्योतीराम ओळखूही आला नाही, इतकी ती भ्यायली होती.

ज्योतीरामनं फोन काढला. डोळ्यांपुढं नागसेन आला, शनिवार आला, सगळं आलं. तरी त्यानं नंबर लावला. वर्षालीनं पहिल्याच रिंगला उचलला.

“बाळा, ये,” तो म्हणाला. “वळणावर ये. बाळंतीण हाय, रक्त थांबंना झालंय. लई रक्त चाललंय गं.”

“पप्पा, बाहेरून कुलूप आहे.”

ज्योतीरामचा हात खिशावर गेला. किल्ली तिथंच होती. क्षणभर त्याला वाटलं, आपण इथंच खाली बसावं आणि उठूच नये.

“सिस्टरला हाक मारते, कडी तोडतो,” वर्षाली तिकडून म्हणाली. “मी येईपर्यंत तिचं पोट दाबून धरायला सांगा. बेंबीच्या खाली. जोरात चोळायचं, ती ओरडली तरी सोडायचं नाही. आणि बाळ तिच्या छातीला लावा.”

त्यानं अंबूबाईला सांगितलं. म्हातारीच्या हातांत तेवढा जोर नव्हता, म्हणून शेवटी बाजूच्या बसमधून उतरलेल्या दोन कामगार बायका हौद्यात चढल्या आणि त्यांनी पोट चोळायला घेतलं. आणखी दोघींनी ओढण्या सोडून आडोसा धरला. ज्योतीराम मागं रस्त्याकडं बघत उभा राहिला. कंटेनरला कंटेनर चिकटलेले. सिस्टरची स्कूटी आली तरी शिरणार कुठून?

तेवढ्यात लांब त्याला वर्षाली दिसली. सिस्टरच्या मागं बसलेली, हातात केंद्रातली इमर्जन्सीची पेटी. आणि त्यांच्या आडवा एक ट्रेलर. ड्रायव्हर काच वर करून गाणी ऐकत होता.

ज्योतीराम धावला. त्यानं ट्रेलरच्या दारावर मुठी मारल्या, मागच्या पिकअपच्या बॉनेटवर थापा मारल्या, आणि आयुष्यात कधी ओरडला नव्हता एवढ्या मोठ्यानं ओरडला, “बाजूला घ्या! डॉक्टर यायलीय! सरकारी डॉक्टर हाय, महाळुंग्याकडची! माझी लेक हाय! वर्षाली मॅडम! वाट द्या, राव, वाट द्या!”

नुसत्या ‘डॉक्टर’ला कुणी हललं नव्हतं. ‘सरकारी’ म्हटल्यावर मात्र ट्रेलरवाल्यानं काच खाली केली, पिकअप मागं सरला, दोन-चार जण उतरून गाड्या हाकायला लागले. वर्षाली स्कूटीवरून उडी मारून त्या फटीतून पळत आली आणि ओढण्यांच्या आड शिरली. तिनं इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं, आणि मग हातमोजा घालून एक मूठ आतून आणि दुसरा हात पोटावरून, असं गर्भाशय दाबून धरलं. रस्ता मोकळा होऊन टेम्पो चाकणच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तिनं ती पकड ढिली केली नाही. नंतर कितीतरी वेळ तिला बोटं सरळ करता येत नव्हती.

विजयश्री वाचली. झालेली मुलगीही चांगली होती. दवाखान्याच्या पायरीवर अंबूबाईनं वर्षालीच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मग तिची नजर ज्योतीरामवर गेली आणि हात खाली आला. आता तिला तो ओळखू आला होता. ती पाठ फिरवून आत निघून गेली. चार शिव्या दिल्या असत्या तर ज्योतीरामला बरं वाटलं असतं.

कोंडीत अडकलेल्या कुणीतरी काढलेला व्हिडिओ संध्याकाळपर्यंत सगळीकडं पसरला होता.

बुधवारी सकाळी बापलेक स्कूटरवरून वरच्या ऑफिसात गेले. हेडक्लार्क मधुसूदन, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत, हे तसे वाईट गृहस्थ नव्हते. त्यांच्या टेबलावर नवी ऑर्डर टाइप होऊन तयार होती. तिच्या शेजारी सही करायचा तो कागद. आणि कागदाशेजारी त्यांचा स्वतःचा मोबाइल.

त्यांनी व्हिडिओ लावला. ज्योतीराम दाराशी उभा राहून बघत होता. टेम्पो, ओढण्यांचा आडोसा, आत कुणाची तरी पाठ. वर्षालीचा चेहरा कुठंच दिसत नव्हता. दिसत होता तो एकच माणूस, पांढऱ्या मिशांचा, शर्टाची बटणं तुटलेला, ट्रेलरवर मुठी मारणारा. आणि ऐकू येत होतं ते सगळं त्याचंच. सरकारी डॉक्टर हाय. महाळुंग्याकडची. माझी लेक हाय. वर्षाली मॅडम.

ज्योतीरामनं दिवसभर दार राखलं, पोरीला कोंडून घातलं, म्हातारीशी खोटं बोलला, आणि शेवटी भर रस्त्यात स्वतःच दवंडी पिटून आला. नागसेनचा घात निदान परक्यानं केला होता.

भाऊसाहेबांनी व्हिडिओ बंद केला. चष्म्यावरून आधी दाराकडं पाहिलं, मग वर्षालीकडं.

“रस्त्यावर गर्दीत कोण काय ओरडतं, त्याला ऑफिस काय करणार?” ते हळू आवाजात म्हणाले. “चेहरा दिसत नाही. आणि हे ओरडणारे गृहस्थ कोण आहेत, मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही. खरं ना, मॅडम? साहेबांनी विचारलं तर मी तेच सांगणार. करा सही. शनिवारी प्रवेश आहे तुमचा.”

ज्योतीरामनं देवाचे आभार मानले. त्यानं मान खाली घातली आणि हळूच दाराबाहेर सरकला, म्हणजे भाऊसाहेबांना त्याचं तोंड पुन्हा बघावं लागू नये. आपण आपल्या लेकीचे कुणी नाही, एवढंच तर कबूल करायचं होतं. तो आनंदानं करायला तयार होता. बाहेरच्या बाकावर बसून त्यानं कान तिकडं लावले.

आत बराच वेळ काही ऐकू आलं नाही. पेन कागदावर फिरायला एवढा वेळ लागत नाही.

“ते माझे वडील आहेत,” वर्षालीचा आवाज आला. “आणि आतली डॉक्टर मी. पेटी केंद्रातली होती. मला यावर सही नाही करता येणार, भाऊसाहेब.”

“अहो मॅडम, मी तुम्हाला काही विचारलंच नाही ना!” भाऊसाहेब कळवळून म्हणाले. “मी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाही. मिटलं.”

“नाही मिटत.”

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. “मग ही ऑर्डर मला आज देता येत नाही,” भाऊसाहेब म्हणाले. “साहेबांकडं पाठवावी लागेल. ते काय ठरवतील, कधी ठरवतील, माझ्या हातात नाही. शनिवारचं मी काही सांगू शकत नाही.”

वर्षाली रिकाम्या हातानं बाहेर आली. ज्योतीराम उठून उभा राहिला. दोघं खाली आले आणि स्कूटरवर बसले. गर्दीतून गाडी काढता काढता त्याच्या मनात हिशेब चालला होता, की आता कुणाच्या पाया पडायचं, कुणाची ओळख काढायची. चिंचवड मागं पडलं तेव्हा त्याला राहवलं नाही.

“सीट गेली का गं?”

“माहीत नाही, पप्पा. बहुतेक गेली.”

“एक सही तर होती. मला ओळखत नाही म्हणली असतीस तर मला काय वाईट वाटणार होतं?” त्यानं गाडी हळू केली. “सगळं माझ्यामुळं झालं. तुला एक सांगायचं राहिलंय. ती अंबूबाई आधी आपल्याच दारात आली होती. तू नाहीस म्हणून मी तिला घालवून दिलं. तिला चाकणला मीच धाडलं. पाप मी केलं आणि भरायलीस तू.”

“माहीत आहे मला.”

“अंबूबाईनं सांगितलं?”

तिनं त्याच्या खांद्यावरचा हात काढून घेतला.

“मी जागी होते, पप्पा,” वर्षाली म्हणाली. “अंगात रक्त नाही, हे म्हणाली ना ती, तेही ऐकलं मी. अशा बाईचं बाळंतपणात काय होतं ते तुम्हाला माहीत नव्हतं, मला माहीत होतं. नुसती एक हाक मारायची होती आतून. मी चादर डोक्यावर घेतली आणि टेम्पो जाईपर्यंत पडून राहिले. तुमचा फोन आला नसता तर मी उठले नसते.”

ज्योतीरामनं स्कूटर रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली. मागं वळून तिच्याकडं बघायची त्याला भीती वाटत होती. तरी तो वळला.